परदेशी निधीतून आरोग्ययंत्रणा उभी करताना: मालावीच्या अनुभवावरून पायरीपायरीने

परदेशी निधीवर चालणाऱ्या आरोग्य प्रकल्पांत काम करणारे मराठी लोक आता थोडेथोडके नाहीत. कुणी सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन आफ्रिकेत रुजू होतं, कुणी मुंबईत बसून प्रस्ताव लिहितं, कुणी हिशेब तपासतं. नव्या माणसाच्या हातात पहिल्याच आठवड्यात उद्दिष्टं, निर्देशक आणि तिमाही खर्चाचे तक्ते पडतात. पण निधीतून यंत्रणा नेमकी कशी बळकट होते, किंवा कशी होत नाही, हे त्या तक्त्यांत लिहिलेलं नसतं. हा लेख अशा माणसासाठी आहे.

उदाहरण मालावीचं घेतलं आहे. आग्नेय आफ्रिकेतला, महाराष्ट्राच्या एक-तृतीयांशाहून थोडा मोठा हा देश. समुद्रकिनारा नाही, तंबाखू हे मुख्य निर्यात पीक, आणि आरोग्यावरच्या खर्चाचा मोठा भाग बाहेरच्या पैशातून. मदत देण्याचे जेवढे प्रकार माहीत आहेत, ते जवळपास सगळे गेल्या दोन दशकांत इथे वापरून झाले. काही विलक्षण यशस्वी ठरले, काही तोंडावर आपटले. २००४ च्या राष्ट्रीय पाहणीत मालावीत दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९८४ मातामृत्यू होते, २०१५-१६ च्या पाहणीत ४३९. पाच वर्षांखालील बालमृत्यू दर हजारी १३३ वरून ६३ वर आले. हे सगळं श्रेय मदतीचं, असं कुणी म्हणत असेल तर मान डोलावू नका. पण मदतीशिवाय हे झालं असतं असंही कुणी म्हणत नाही.

पुढच्या प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारायचा आहे: हा खर्च दरवर्षी येणारा आहे का, आणि अनुदान संपल्यावर तो कुणाच्या अंदाजपत्रकात बसणार आहे?

पायरी १: आधी सरकारचा आराखडा वाचा, मग आपला प्रस्ताव लिहा

जवळपास प्रत्येक देशाच्या आरोग्य मंत्रालयाकडे पाच-सहा वर्षांची योजना असते. मालावीने २००४ मध्ये अशी योजना आणि तिच्या पोटात 'अत्यावश्यक आरोग्यसेवांची यादी' तयार केली. हिवताप, क्षय, एचआयव्ही, बाळंतपण, लसीकरण, मुलांची हगवण आणि न्यूमोनिया अशा मोजक्या सेवा सरकारी दवाखान्यात फुकट मिळतील, बाकीच्या जमेल तशा, असा तिचा अर्थ. यादीत काय आहे यापेक्षा काय नाही हे जास्त काळजीपूर्वक पाहा. जे यादीत नाही त्यासाठी पैसा आणलात, तर तो संपल्यावर तिथे कुणीही वारस नसेल.

देशाचं म्हणणं ऐकण्याला शिष्टाचारापलीकडेही किंमत आहे, आणि त्याचा उत्तम पुरावा मालावीतच सापडतो. एचआयव्हीबाधित गर्भवतींना औषधं कधी सुरू करायची, हे त्या काळच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तातल्या सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशी मोजून ठरत असे. खेड्यातल्या आरोग्य केंद्रात ते यंत्रच नव्हतं. मालावीच्या मंत्रालयाने सरळ हिशेब मांडला: मोजत बसायचं नाही, प्रत्येक बाधित गर्भवतीला लगेच औषध द्यायचं आणि ते आयुष्यभर चालू ठेवायचं. २०११ मध्ये त्यांनी हे देशभर सुरू केलं. 'ऑप्शन बी प्लस' या नावाने ही पद्धत ओळखली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या सूचनांत ती उचलून धरली. बाहेरच्या तज्ज्ञाच्या अहवालात ही कल्पना आधी आली नव्हती. यंत्र नसलेल्या दवाखान्यांची खडान्‌खडा माहिती असलेल्यांना ती सुचली.

म्हणून पहिल्या महिन्यात राजधानी लिलाँग्वेतल्या मंत्रालयाइतकाच वेळ जिल्हा आरोग्य कार्यालयात घालवा. आराखड्यात जे छापलं आहे आणि जिल्ह्याच्या हिशेबात जे प्रत्यक्ष खर्ची पडलं, त्यातली तफावत हाच तुमच्या कामाचा खरा नकाशा.

पायरी २: सगळ्यात अरुंद जागा शोधा

आरोग्ययंत्रणेचे सहा भाग मानतात: सेवा, माणसं, माहिती, औषधं-उपकरणं, पैसा आणि कारभार. जागतिक आरोग्य संघटनेची ही २००७ ची मांडणी जवळपास प्रत्येक प्रस्तावात चिकटवलेली असते. सहाही भागांत थोडं थोडं काम करण्याचा मोह टाळा. एका वेळी एकच भाग असा असतो, की जो अडला म्हणजे बाकीचे पाच असूनही नसल्यासारखे होतात.

२००४ च्या मालावीत तो भाग माणसं हा होता. सरकारी परिचारिकांची निम्म्याहून जास्त पदं रिकामी होती. इंग्लंडकडे जाणाऱ्यांची रांग लागलेली, आणि एचआयव्हीने रुग्णांइतकाच कर्मचाऱ्यांचाही बळी घेतलेला. अशा वेळी नवीन वॉर्ड बांधून उपयोग काय? औषधं आली तरी ती द्यायला कोण होतं?

अरुंद जागा शोधायची सोपी रीत अशी: एका आरोग्य केंद्रात आठवडाभर बसा, आणि परत पाठवलेल्या प्रत्येक रुग्णामागे कारण लिहा. कर्मचारी नाही, औषध नाही, वीज नाही, पैसे मागितले, रुग्णवाहिका नाही. यादी स्वतःच बोलते.

पायरी ३: पगाराला हात घाला, पण डोळे उघडे ठेवून

ही पायरी सगळ्यात अवघड आहे, म्हणून इथे जरा थांबू.

मदत देणाऱ्यांमध्ये बरीच वर्षं एक अलिखित नियम होता: पगार द्यायचे नाहीत. इमारत द्या, गाडी द्या, प्रशिक्षण द्या, पगार सरकारने द्यावेत. कारण पगार कायमचे असतात आणि मदत तात्पुरती. तर्क चुकीचा नाही. पण त्याचा परिणाम असा झाला, की आफ्रिकेतल्या कित्येक दवाखान्यांच्या दारात देणगीदाराचं नाव रंगवलेल्या गाड्या, आहेराच्या भांड्यांवर नावं कोरलेली असतात तशा, उभ्या राहिल्या आणि आत सुई टोचायला माणूस नव्हता.

मालावीने २००४ मध्ये हा नियम मोडला. ब्रिटनच्या डीएफआयडी या तत्कालीन मदत विभागाच्या आणि ग्लोबल फंड या एड्स, क्षय आणि हिवतापाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय निधीच्या पैशातून 'आपत्कालीन मनुष्यबळ कार्यक्रम' सुरू झाला. त्याचे घटक नीट बघण्यासारखे आहेत, कारण त्यांचा क्रमच शिकवतो.

पहिला घटक, अकरा संवर्गांना मूळ पगारावर ५२ टक्के वाढीव रक्कम. सरकारी दवाखान्यांइतकीच ती ख्रिश्चन मिशन दवाखान्यांच्या संघटनेतल्या, म्हणजे 'चॅम'मधल्या कर्मचाऱ्यांनाही मिळाली. ग्रामीण भागातल्या सेवेचा फार मोठा वाटा चॅमचा असल्याने हे महत्त्वाचं होतं; नाहीतर मिशन दवाखाने ओस पडून सरकारी भरले असते आणि एकूण हिशेब तेवढाच राहिला असता. दुसरा, देशातल्या वैद्यकीय आणि परिचर्या महाविद्यालयांची प्रवेशक्षमता वाढवणं. तिसरा, नवीन तुकडी बाहेर पडेपर्यंतच्या काळासाठी परदेशी स्वयंसेवक डॉक्टर आणि परिचर्येचे शिक्षक. शिवाय मंत्रालयाला मनुष्यबळाचं नियोजन शिकवणं आणि सगळ्याची मोजदाद.

२००४ मध्ये या संवर्गांत ५,४५३ माणसं होती, २००९ मध्ये ८,३६९ झाली, म्हणजे ५३ टक्के वाढ. परदेशी जाणाऱ्या परिचारिकांचा ओघही घटला. ब्रिटनने तिजोरीतून पैसे देऊन थांबवलेल्या परिचारिका ब्रिटनच्याच रुग्णालयांकडे निघालेल्या होत्या, हा विनोद इथे नोंदवून पुढे जाऊ.

आता खाचखळगे. वाढीव रकमेवर आयकर लागत होता, त्यामुळे हातात पडणारी रक्कम जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा कमी होती, आणि त्यावरून नाराजी झाली. अकरा संवर्गांत न आलेले लोक, म्हणजे सफाई कामगार, कारकून, चालक, बाजूला राहिले. दवाखाना त्यांच्यावरही चालतो. तिसरी गोष्ट तुम्हाला वाटाघाटीच्या टेबलावर भेटेल: त्या काळात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कार्यक्रमांत सरकारच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा असत. अर्थ मंत्रालयाशी आणि नाणेनिधीच्या प्रतिनिधीशी बोलल्याशिवाय आरोग्य मंत्रालयाने दिलेला होकार कागदावरच राहतो.

सगळ्यात मोठा खड्डा मात्र दहा वर्षांनी दिसला. महाविद्यालयांची क्षमता वाढली, तुकड्या बाहेर पडू लागल्या, आणि २०१५ नंतर शिकलेल्या परिचारिका आणि डॉक्टर नोकरीविना घरी बसलेले, तर दवाखान्यांत पदं रिकामी, असं चित्र उभं राहिलं. प्रशिक्षणाचा खर्च देणगीदाराने केला होता, पदाचा पगार सरकारला द्यायचा होता, आणि सरकारकडे तो नव्हता.

यातून करायच्या गोष्टी:

– प्रशिक्षणाच्या प्रत्येक जागेसमोर ती व्यक्ती ज्या वर्षी उत्तीर्ण होईल त्या वर्षीचं मंजूर पद आणि त्याचा पगार अर्थ मंत्रालयाच्या मध्यमकालीन खर्च-अंदाजात आहे का, ते लेखी घ्या.
– वेतनवाढ सरकारच्या नेहमीच्या पगारपत्रकातूनच द्या. वेगळ्या पाकिटातून दिलेला पैसा बंद करणं सोपं असतं, आणि म्हणूनच तो बंद होतो.
– सरकारचा वाटा दरवर्षी किती वाढेल याचा तक्ता करारातच जोडा. 'टप्प्याटप्प्याने' हा शब्द करारात दिसला की तिथे वर्ष आणि टक्का लिहून घ्या.
– स्वतःच्या प्रकल्पासाठी सरकारी कर्मचारी पळवू नका. तुमच्या कार्यालयातला 'जिल्हा समन्वयक' काल जिल्हा रुग्णालयातली सगळ्यात हुशार परिचारिका असेल, तर तुम्ही यंत्रणा बळकट करत नाही आहात.

गावपातळीवर मालावीत 'हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट' हा आरोग्यसेवक असतो, दर हजार लोकांमागे एक हे उद्दिष्ट धरून. आपल्याकडच्या वाचकाला लगेच आशाताई आठवतील, पण एक फरक मोठा आहे: तो पगारी सरकारी नोकर असतो, कामागणिक मोबदला घेणारा नव्हे. २००७-०८ च्या सुमारास ग्लोबल फंडाच्या मदतीने ही संख्या दहा हजारांपर्यंत, म्हणजे जवळपास दुप्पट झाली. भरती झपाट्याने झाली. निवासस्थानं, सायकली आणि देखरेख मागे पडली. अनेक जण नेमलेल्या गावाऐवजी जवळच्या बाजारपेठेत राहू लागले. माणूस नेमताना तो राहणार कुठे, हा प्रश्न अर्जातच असायला हवा.

जाता जाता: कार्यशाळांचा भत्ता. मदतीच्या पैशातून होणाऱ्या प्रशिक्षणाला बसण्याचा दैनिक भत्ता कधीकधी पगाराच्या मोठ्या हिश्शाइतका होतो, आणि मग आठवड्यातून तीन दिवस दवाखान्याचा प्रमुख हॉटेलच्या सभागृहात असतो. इतर देणगीदारांशी बोलून भत्त्याचा दर एक करा, आणि शक्य ते प्रशिक्षण दवाखान्यातच घ्या. या एका निर्णयाने तुम्ही अप्रिय व्हाल. तरी करा.

पायरी ४: पैसा कोणत्या वाटेने जाईल ते ठरवा

ढोबळ मानाने तीन वाटा आहेत. थेट सरकारी तिजोरीत. अनेक देणगीदारांच्या सामायिक आरोग्य निधीत, जो मंत्रालयाच्या योजनेनुसार खर्च होतो. किंवा स्वतंत्र प्रकल्पात, स्वतःचं कार्यालय, स्वतःचं खातं. २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्यात देणगीदारांनी पहिल्या दोन वाटांकडे झुकण्याचं कबूल केलं होतं: देशाचा आराखडा, देशाचीच खरेदी आणि हिशेबाची पद्धत. मालावीतही २००४ पासून सामायिक निधी होता.

मग दोन धक्के बसले. २०११ मध्ये ब्रिटिश उच्चायुक्ताच्या फुटलेल्या संदेशावरून वाद झाला, त्याची हकालपट्टी झाली, आणि ब्रिटनने सरकारला थेट दिला जाणारा अर्थसंकल्पी निधी थांबवला. २०१३ मध्ये 'कॅशगेट' उघड झालं: सरकारी हिशेबाच्या संगणक प्रणालीतून खोट्या कंपन्यांना पैसे देऊन नोंदी पुसून टाकल्या जात होत्या. देणगीदारांनी हात आखडते घेतले, मोठा पैसा पुन्हा तिसऱ्या वाटेला लागला. काही वर्षांनी नॉर्वे, जर्मनी आणि इतरांनी मिळून कडक नियंत्रणाचा नवा सामायिक निधी उभा केला.

यावरून 'सरकारला पैसे देऊच नयेत' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. मला तो पटत नाही. प्रकल्पाच्या वाटेनेही गळती होतेच, फक्त ती सल्लागारांच्या शुल्कात, विमानाच्या तिकिटांत आणि मुख्यालयाच्या व्यवस्थापन खर्चात होते, आणि तिला घोटाळा म्हणत नाहीत. व्यवहार्य मार्ग मधला आहे: पैसा सरकारी अंदाजपत्रकात दिसू द्या, सरकारी लेखाशीर्षाखाली टाका, पण देयकं मंजूर करणाऱ्यांत एक स्वतंत्र हिशेबनीस बसवा आणि महिन्याचा ताळमेळ महिन्यातच घ्या. वार्षिक लेखापरीक्षणाची वाट बघितली तर तोवर चोर निवृत्त झालेला असतो.

आणखी एक रुक्ष पण जिवाची बाब: विनिमय दर. मे २०१२ मध्ये मालावीच्या क्वाचाचं मोठं अवमूल्यन झालं, एका डॉलरला सुमारे १६७ क्वाचाचे २५० झाले. औषधं आणि इंधन बाहेरून येतं, पगार क्वाचात असतात. अंदाजपत्रक एकाच चलनात मांडू नका. आयात आणि स्थानिक खर्च असे दोन रकाने ठेवा.

पायरी ५: औषधांची साखळी

मालावीची मध्यवर्ती औषध वखार कर्जात आणि चोऱ्यांत रुतली, तेव्हा देणगीदारांनी औषधांची खोकी थेट आरोग्य केंद्रांवर पोचवली. तातडीचा उपाय म्हणून ते बरोबरच होतं. एचआयव्ही आणि हिवतापाच्या औषधांची तर वेगळी गोदामं, वेगळे ट्रक. परिणामी एकाच खेड्यातल्या एकाच केंद्राला एका महिन्यात निरनिराळ्या गाड्या येत, आणि तरी पॅरासिटामॉल नसे.

समांतर साखळी उभारावीच लागली तर तिची मुदत पहिल्याच दिवशी लिहा, आणि सरकारी वखारीने कोणत्या तीन-चार कसोट्या पूर्ण केल्या की साखळी तिच्या हवाली होईल तेही. कसोट्या साध्या ठेवा: साठ्याची नोंद आणि प्रत्यक्ष मोजणी जुळते का, मागणी आल्यापासून किती दिवसांत माल पोचतो, मुदत संपून किती माल फेकला.

किमतीच्या बाजूला आपला संबंध थेट येतो. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीच्या तिहेरी औषधोपचाराची किंमत एका सेवाभावी संस्थेसाठी रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरवर आणली. तोपर्यंत ती दहा हजार डॉलरांच्या घरात होती. २००४ मध्ये मालावीने मोफत उपचाराचा राष्ट्रीय कार्यक्रम उभारला तो अशाच जेनेरिक (मूळ कंपनीच्या नाममुद्रेशिवाय बनणाऱ्या, स्वस्त), तीन औषधं एका गोळीत असलेल्या उपचारावर. एक गोळी, सकाळ-संध्याकाळ. परिचारिका देऊ शकेल इतकं सोपं. औषध निवडताना किमतीइतकाच हा सोपेपणा मोजा.

पायरी ६: नोंदवही

मालावीच्या एचआयव्ही कार्यक्रमाची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट त्याची कार्डं. प्रत्येक रुग्णाचं एक कागदी कार्ड, प्रत्येक केंद्रात एक नोंदवही, आणि दर तिमाहीला मंत्रालयाचं पथक प्रत्येक केंद्रात जाऊन कार्डं मोजणार. त्या मोजणीवरून पुढच्या औषधांची मागणी ठरणार. म्हणजे आकडा फुगवला तर औषध वाया, कमी दाखवला तर तुमच्याच दवाखान्यात तुटवडा. खरं लिहिण्यात केंद्राचा स्वतःचा फायदा होता. २००४ च्या सुरुवातीला तीन हजारांच्या आसपास असलेले उपचाराधीन रुग्ण २०१० अखेर सुमारे अडीच लाखांवर गेले, आणि मोजणी कोसळली नाही.

याच्या उलट, प्रत्येक देणगीदाराचा वेगळा फॉर्म. नवीन फॉर्म आणण्याआधी परिचारिका आत्ता किती नोंदवह्या भरते ते मोजा, आणि स्वतःची एक आणायची असेल तर एक बंद करून दाखवा. संगणकीकरणासाठी मालावीत डीएचआयएस-२ आहे, दक्षिण आफ्रिकेत सुरू झालेली आणि ऑस्लो विद्यापीठाने वाढवलेली मुक्त प्रणाली. तुमचे निर्देशक तिच्यातूनच काढा. तिच्यात नसलेला निर्देशक हवाच असेल तर तो खरंच हवा आहे का, हे मुख्यालयाला एकदा विचारा. बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

पायरी ७: निघण्याची तयारी

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी गोठवली. मार्चमध्ये यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदत संस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं जाहीर झालं, १ जुलैला ती संस्थाच बंद झाली. ब्रिटननेही मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचं ठरवलं. मालावीत आरोग्याला येणाऱ्या पैशात अमेरिकेचा वाटा फार मोठा होता. समुपदेशक, नमुने वाहून नेणारे मोटरसायकलवाले, माहिती भरणारे कारकून यांतले बरेच जण प्रकल्पांच्या पगारावर होते. त्यांची पदं सरकारच्या आस्थापनेवर कधी निर्माणच झाली नव्हती, त्यामुळे ती भरण्याचा प्रश्नही कुणासमोर आला नाही.

तेव्हा पहिल्या वर्षीच एक यादी करा आणि दर सहा महिन्यांनी अद्ययावत ठेवा. तुमच्या पैशावर असलेलं प्रत्येक पद, त्याला सरकारी आस्थापनेवर समकक्ष पद आहे का, सरकारी वेतनश्रेणी किती. नसेल तर ते काम कोणत्या मंजूर पदाला जोडता येईल. तुमचा पगार सरकारीपेक्षा दुप्पट असेल तर ती व्यक्ती पुढे सरकारी नोकरीत राहणार नाही, म्हणून फरक आधीच कमी ठेवा. गाड्या कुणाच्या नावावर, त्यांचं इंधन कोणत्या लेखाशीर्षातून. यंत्रांची देखभाल आणि रसायनं कोण विकत घेणार. सॉफ्टवेअरचा परवाना आणि सर्व्हरचं भाडं. प्रयोगशाळेचे नमुने नेणारा माणूस.

ही यादी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे, मंत्रालयाच्या नियोजन विभागात आणि अर्थ मंत्रालयात अशा तिन्ही ठिकाणी द्या. मालावीचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे ती आदल्या वर्षाच्या अखेरीआधी पोचली तर अंदाजपत्रकाच्या चर्चेत येऊ शकते.